मेरेवरचा पाला, घाण्यावरची पेंड आणि आमच्या चार गायी

राजापूर तालुक्यात, खाडीपासून थोडं वर आमचा गोठा आहे. चार जर्सी संकरित गायी आणि सासूबाईंची एक देशी कोकण कपिला. दूध गावातल्या संकलन केंद्रावर जातं, थोडं घरोघरी. जुलै २०२२ पासून आम्ही या गायींच्या आंबोणातली (भिजवून घालायच्या खाद्यातली) विकतची प्रथिनं कमी करायला लागलो आणि २०२४ संपता संपता गोळी पेंड (पोत्यातलं तयार पशुखाद्य) आणि सरकी मिळून जो खर्च होता, तो बराच खाली आला. गायी तब्येतीने आहेत, दूध टिकून आहे. मधल्या काळात मला सतत असं वाटायचं की हे सगळं आपल्यासारख्या दोन-चार जनावरांच्या माणसाने आधी कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. जी माहिती मिळायची ती घाटावरच्या मोठ्या गोठ्यांची. तिथे मका आहे, लसूणघास आहे, कडबा आहे. आपल्याकडे भाताचा पेंढा, सड्यावरचं वाळलेलं गवत आणि चार महिने धो धो पाऊस. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते.

तेव्हाचा हिशेब असा होता. गोळी पेंड ३१ रुपये किलो, सरकी पेंड ३८ रुपये किलो. एका दुभत्या गायीला रोज तीन किलो गोळी आणि एक किलो सरकी, म्हणजे १३१ रुपये. गाय सरासरी नऊ लिटर देते आणि लिटरला तीस रुपये धरले तर २७० आले. त्यातून नेपियर गवताचं खत-पाणी, औषधं, वीज, भाकड काळातला खर्च. आणि पोती येतात कोल्हापूरकडून. पावसाळ्यात अणुस्कुरा घाटात दरड आली की दोन दोन दिवस गाडी नाही, आणि दुकानात जे उरलंय ते मागेल त्या भावाने घ्यायचं.

आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं, दुसरं काय घालता येईल? त्यांनी उलट विचारलं, "ताई, आत्ता किती घालता?" मी म्हटलं, दोन डबे गोळी, एक डबा सरकी. "डबे नकोत, किलो सांगा." घरी येऊन ताणकाटा आणला, साडेतीनशे रुपयांचा, आणि आठवडाभर सगळं मोजलं. पेंढ्याची पेंडी, नेपियरचा भारा, आंबोणाचा डबा, सकाळ-संध्याकाळचं दूध. ज्यांना काहीही बदल करायचा आहे त्यांनी सुरुवात इथून करावी. बाकीचं सगळं या आकड्यांवर उभं राहतं.

मग डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं. साडेतीनशे-चारशे किलोच्या गायीला नुसतं जगायला रोज तीनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, आणि चार टक्के फॅटच्या प्रत्येक लिटर दुधामागे आणखी नव्वद ग्रॅम. नऊ लिटरच्या गायीला म्हणजे अकराशे ग्रॅम. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं साडेतीन-चार टक्के. पाच किलो पेंढा खाल्ला तर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम मिळाली. दहा किलो हिरवं नेपियर दिसायला भारंभर, पण त्यातलं ऐंशी टक्के पाणी, त्यामुळे तिथूनही साधारण तेवढीच. उरलेली आठशे ग्रॅम पोत्यातून. "पेंढ्याने पोट भरतं, कास भरत नाही," ते म्हणाले. माझ्या डोक्यात तेव्हापासून प्रश्न बदलला. पेंडीऐवजी काय, हा प्रश्न नव्हताच. ही आठशे ग्रॅम आपल्या आवारातून किती निघतील, हा होता.

सल्ले पुष्कळ मिळाले. कुणी सुबाभूळ म्हणालं, कुणी सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), कुणी अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक वनस्पती). बंदरावरचे एक ओळखीचे सुकटीचा चुरा आणून द्यायला तयार होते. त्यात प्रथिनं भरपूर असतात हे खरं, पण उघड्यावर वाळवलेल्या मासळीत मीठ आणि वाळू किती आहे हे कळायला मार्ग नाही, दुधाला वास लागण्याची भीती, आणि आईंना (सासूबाईंना) गोठ्यात मासळी नको होती. तो विषय तिथेच सोडला. सोयाबीन डीओसीत पंचेचाळीस टक्क्यांच्या पुढे प्रथिनं मिळतात, पण तीही घाटावरूनच येणार. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. तो वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त झाला तर जनावराचे केस गळतात, थायरॉइडवर परिणाम होतो. शिवाय ते झाड बी टाकून सगळीकडे पसरतं. बांधावर नको असं आम्ही ठरवलं.

ऑगस्टमध्ये लांज्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आलो. तिथून निघताना दोन गोष्टी मनाशी पक्क्या झाल्या होत्या. जे घालतोय आणि जे घालणार आहोत त्याची आधी तपासणी करायची, आणि झाडपाला घालायचा असेल तर चारा बारीक कापणारं कुट्टी यंत्र हवंच.

कुट्टी यंत्राच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर) अर्ज करायचा होता. कोकणातल्या माणसाला इथे पहिली अडचण येते ती सातबाऱ्याची. आमच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं. काही मुंबईला, काही पुण्याला, दोघं हयात नाहीत. सामायिक क्षेत्र असलं की इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. २०२२ ला गणपती ३१ ऑगस्टला होते. चाकरमानी घरी आले, आरतीनंतर नवऱ्याने सगळ्यांपुढे कागद ठेवला आणि गौरी जाईपर्यंत बहुतेक सह्या आणि आधारच्या प्रती गोळा झाल्या. एक चुलतसासरे आले नव्हते, त्यांचा कागद टपालाने गेला आणि यायला महिना लागला. जे मयत होते त्यांच्या वारसनोंदीचं तलाठ्यांकडे आधीच चालू होतं म्हणून निभावलं. तुम्हाला कुठल्याही योजनेचा अर्ज करायचा असेल तर कागद गणपतीआधी छापून ठेवा. तो हंगाम चुकला तर शिमग्यापर्यंत थांबावं लागतं.

ऑक्टोबरमध्ये अर्ज भरला. शुल्क २३ रुपये ६० पैसे. आधार, बँक पासबुक, सातबारा, आठ-अ. तेव्हा सोडत निघायची. जानेवारीत मोबाइलवर निवड झाल्याचा संदेश आला, मग दरपत्रक आणि यंत्राचा तपासणी अहवाल चढवायचा, त्याची छाननी, आणि फेब्रुवारीच्या शेवटी पूर्वसंमती. पूर्वसंमतीआधी यंत्र विकत घेऊ नका, ते धरत नाहीत. घेताना पैसे बँकेतून द्या, रोख नको. बिलावर यंत्राचा क्रमांक आहे ना बघा. शिमग्याच्या आठवड्यात यंत्र घरी आलं, पंचवीस हजारांच्या आसपास, सगळे आमचे. कृषी सहाय्यक येऊन पाहणी करून गेले, यंत्रासोबत माझा फोटो काढला. अनुदानाचे बारा हजार जूनमध्ये खात्यात आले. मधले तीन महिने ते पैसे अडकलेले असतात, त्याची सोय आधी करून ठेवावी लागते.

तपासणीचं त्याआधीच सुरू केलं होतं. नमुना काढायची पद्धत नीट पाळली. चार-पाच पोत्यांच्या वरून, मधून, तळातून मूठ मूठ काढून एकत्र केलं, त्यातलं अर्धा किलो कोरड्या जाड पिशवीत, आत चिठ्ठी आणि बाहेर चिठ्ठी. सरकी पेंड, घाण्यावरची खोबऱ्याची पेंड, आमचा पेंढा, आणि कुंपणावरच्या गिरीपुष्पाच्या झाडांचा सावलीत वाळवलेला पाला. शुल्क आणि कुरियर मिळून नमुन्यामागे सहाशे रुपये पडले. त्या सुमारास गुरांच्या लम्पी रोगाची साथ राज्यभर होती, दवाखान्यातली सगळी माणसं लसीकरणात गुंतलेली. अहवाल हातात यायला दिवाळी उलटली.

अहवाल वाचताना मला वाईटही वाटलं आणि धीरही आला. बावीस टक्के म्हणून घेतलेल्या सरकीत प्रथिनं १८.९ टक्के. पेंढ्यात ३.६. खोबऱ्याच्या पेंडीत २१. आणि ज्या पाल्याकडे आम्ही भाताचं हिरवळीचं खत म्हणून बघत होतो, त्या गिरीपुष्पाच्या पाल्यात २२.४ टक्के. हा आकडा कोरड्या पाल्याचा, हे लक्षात ठेवायचं. ताज्या पाल्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. तरी एक किलो ताजा पाला म्हणजे पन्नास ग्रॅम प्रथिनं. सहा किलो पाला म्हणजे तीनशे. आणि तो आमच्या दारात उभा होता.

आता अझोल्याचं. यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त उत्साह लोकांना याचाच असतो आणि मलाही होता. कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या नार्डेप प्रकल्पातून ही वाफ्याची पद्धत देशभर पसरली. नोव्हेंबरमध्ये मांगराच्या मागे, माडांच्या सावलीत दोन वाफे केले. जांभ्या चिऱ्यांचा एक थर आयताकृती लावला, आत सिल्पोलिनचा जाड प्लॅस्टिक कागद, त्यावर चाळलेली माती दहा-पंधरा किलो, दोन किलो शेण आणि तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून, आणि चार बोटं पाणी. चिरे घरचे असल्यामुळे दोन्ही मिळून खर्च अडीच हजारांच्या आत. किलोभर बियाणं सोडलं आणि पंधरवड्यात वाफा हिरवागार झाकला गेला. शेजारचे काका रोज येऊन बघायचे. "वयनी, गुरां शेवाळ खातली काय?" गायींनी पहिल्यांदा तोंड फिरवलं हे खरं. शेणाचा वास राहतो, तो दोन-तीन पाण्यांनी धुवावा लागतो. मग आंबोणात मूठभर कालवून वाढवत गेलो आणि आठवड्यात खायला लागल्या.

पण मोजलं तेव्हा कळलं. दोन वाफ्यांतून रोज निघतो किलो-सव्वा किलो. अझोल्यात कोरड्या वजनावर चोवीस-पंचवीस टक्के प्रथिनं आहेत, हे खरं. पण त्याच्यात पाणी ९४ टक्के. म्हणजे अगदी दीड किलो धरला तरी ओल्या अझोल्यात कोरडा ऐवज नव्वद ग्रॅम आणि त्यात प्रथिनं जेमतेम बावीस ग्रॅम. किलोभर पेंडीची जागा घ्यायला बारा-तेरा किलो अझोला रोज हवा, आणि तोही एका गायीला. त्यासाठी लागणारे वाफे, दर पाच दिवसांनी शेण आणि सुपर फॉस्फेट, महिन्याने माती बदलणं, हे आमच्या हाताबाहेरचं. अझोला वाईट आहे असं मी म्हणत नाही. खनिजं, जीवनसत्त्वं चांगली मिळतात, वासरांच्या अंगावर तकाकी येते, कोंबड्या आवडीने खातात. आम्ही एक वाफा ठेवलाय आणि त्यातला अझोला पाड्यांना आणि कपिलेला जातो. पण अझोला लावला की पेंड बंद, असं कुणी सांगितलं तर कागद-पेन घेऊन कोरड्या वजनाचा हिशेब त्याच्यासमोर करा. कोकणात आणखी एक बघायचं. जुलैच्या पावसात उघडा वाफा भरून वाहतो आणि अझोला पाण्याबरोबर निघून जातो. वर पत्रा किंवा ताडपत्री हवीच.

भात कापून झाल्यावर, त्याच नोव्हेंबरात, खालच्या दोन कुणग्यांत (भातखाचरांत) ओलीवर चवळी टाकली. कोकण सदाबहार, दापोलीच्या विद्यापीठाचं वाण. शेंगा घरात आणि बाजारात, वेल गायींना. वरच्या कुणग्यात नेहमीप्रमाणे कुळीथ. कुळथाचा आणि वालाचा भुसा आपण पूर्वी कुठेही टाकून द्यायचो. त्यात पेंढ्याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. आता तो पोत्यात भरून माळ्यावर जातो. एकच त्रास, भात निघाला की गुरं मोकाट सुटतात, त्यामुळे कुणग्याला शिरडी लावून कुंपण करावं लागलं.

जानेवारी २०२३ मध्ये पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया केली. हे काम कोरड्या दिवसांतच करायचं. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया आणि पन्नास लिटर पाणी. पंचेचाळीस किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, म्हणजे शंभर किलो पेंढ्याला चोवीस रुपयांचा युरिया. खळ्यात प्लॅस्टिक अंथरून पेंढ्याचे थर लावले, प्रत्येक थरावर झारीने युरियाचं पाणी शिंपडलं, पायाने तुडवून दाबलं आणि वरून हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवलं. उघडलं तेव्हा अमोनियाचा वास डोळ्यांत गेला. पेंढा पिवळसर तपकिरी, हाताला मऊ. यातली प्रथिनं सात-आठ टक्क्यांपर्यंत जातात. काळजी मात्र घ्यायला हवी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळलेला हवा, एका जागी जास्त पडता कामा नये. रोज लागेल तेवढाच पेंढा काढून तासभर वाऱ्यावर पसरायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला द्यायचा नाही, उपाशी जनावरापुढे टाकायचा नाही, आणि त्याच्या जोडीला कच्चं सोयाबीन अजिबात नको. युरियाची पिशवी गोठ्यात ठेवायची नाही, हे मी नवऱ्याला आणि मुलाला पुन्हा पुन्हा सांगितलं. चाटून जनावर जाऊ शकतं. पहिल्या दिवशी अर्धा किलोच दिला आणि रात्री दोनदा उठून गायी बघून आले. काही झालं नाही. आठवड्याने त्या तो पेंढा आधी संपवायला लागल्या.

एप्रिल-मे काजूचा. बोंडांचा खच पडतो आणि दर वर्षी वाटतं की हे गायींना घालावं. घालतोही, थोडं. पण त्यात साखर असते, प्रथिनं फार नाहीत, आणि आंबलेलं जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. तो प्रथिनांचा पर्याय नाही.

जून २०२३ ला पाऊस उशिरा आला. मेअखेर गिरीपुष्पाचे खुंट तोडून ठेवण्याऐवजी आम्ही थांबलो ते बरं झालं. हात-दोन हात लांब, मनगटाएवढे जाड, खालून तिरपा छाट दिलेले असे तीनशे खुंट मेरेवर (शेताच्या बांधावर) दोन-दोन फुटांवर लावले. खुंट फुकट मिळाले, कारण भातखाचरांना हिरवळीचं खत म्हणून गिरीपुष्प आमच्या भागात बऱ्याच जणांच्या कुंपणाला आहे. फक्त तोडायची आणि वाहतुकीची मजुरी गेली. जिथे पाणी साचतं त्या कुणग्याच्या कडेला शेवरी (पाल्यासाठीचं झाड) पेरली, बी गरम पाण्यात भिजवून. शेवरीला पाणथळ चालतं, हा तिचा मोठा गुण. विहिरीच्या बाजूला हादग्याची दहा-बारा रोपं. हादग्याचा पालाही प्रथिनांनी चांगला, आणि फुलांची भाजी घरात.

तो पावसाळा साठवणीच्या दृष्टीने कठीण गेला. खोबऱ्याची पेंड आम्ही तालुक्याच्या गावातल्या घाण्यावरून आणायला सुरुवात केली होती, तीस रुपये किलो. ताजी असताना वास इतका चांगला येतो की गायी लांबून माना वळवतात. पण तिच्यात तेल राहतं, ते खवट होतं, आणि आपल्या दमट हवेत पंधरा दिवसांत बुरशी धरते. ही बुरशी साधी नव्हे. पेंडीवरच्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात आणि ते दुधात उतरतं. पशुखाद्यात ते किलोमागे वीस मायक्रोग्रॅमच्या आत हवं असं भारतीय मानक आहे, आणि दुधात त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. आपलंच दूध आपल्या आणि शेजारच्या मुलांच्या पोटात जातं. तेव्हा हिरवट-काळा ठिपका दिसला, कुबट वास आला की ती पेंड सरळ गांडूळखताच्या खड्ड्यात. कोंबड्यांनाही नाही. पावसाळ्यात आम्ही दहा दिवसांपुरतीच आणतो, लाकडी फळीवर ठेवतो, भिंतीपासून हातभर लांब. आणि आंबोण भिजवलेलं भांडं रोज घासतो. आगोटीची बेगमी म्हणून मे महिन्यात दोन महिन्यांची पेंड भरून ठेवायची सवय सोडावी लागली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेजाऱ्यांच्या कुंपणावरचं गिरीपुष्प तोडून गायींना द्यायला सुरुवात केली. याची मला सगळ्यात जास्त भीती होती. या झाडाच्या सालीने उंदीर मारतात हे गावात सगळ्यांना माहीत, त्यामुळे जो येईल तो मला थांबवत होता. आईंनी तर कपिलेला त्या बाजूला बांधायचंही नाही असं सांगितलं. डॉक्टरांना पुन्हा विचारलं. रवंथ करणाऱ्या जनावरांना हा पाला चालतो, घोड्याला नाही, असं त्यांनी समजावलं. तरी पहिले काही दिवस माझं लक्ष दुसऱ्या कशात लागलं नाही.

गायींनी हुंगलं आणि बाजूला सारलं. ताज्या पाल्याला उग्र वास असतो. संध्याकाळी तोडून रात्रभर सावलीत पसरायचा, सकाळपर्यंत तो सुकतो आणि वास बदलतो, गोडसर होतो. मग कुट्टी यंत्रातून नेपियरबरोबर काढायचा, म्हणजे निवडून टाकता येत नाही. वरून गुळाचं पाणी शिंपडलं. अर्ध्या किलोपासून सुरुवात. एक गाय तिसऱ्या दिवशी खायला लागली, थोरली गाय पंधरवडा अडून बसली. या काळात दूध गायीमागे अर्धा लिटर उतरलं. केंद्रावरची पावती हातात घेऊन मी रोज आदल्या दिवशीची बघायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोटातल्या जिवाणूंना नवं खाणं पचवायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर गोळी कमी करू नका. तसंच केलं. नोव्हेंबरच्या मध्यावर दूध पूर्ववत झालं आणि मगच गोळी पेंड पाव-पाव किलोने उतरवायला लागलो, प्रत्येक टप्प्यावर आठवडाभर थांबून. एका वेळी एकच बदल. पाला वाढवला त्या आठवड्यात पेंड बदलायची नाही. नाहीतर दूध का उतरलं हे कळतच नाही.

शेवरीची पहिली कापणी नोव्हेंबरमध्ये आली. ती गायींनी काही न सांगता खाल्ली. २०२४ च्या जूनमध्ये मेरेवर आणखी चारशे खुंट लावले आणि पहिल्या वर्षीचे खुंट कापणीला आले, खुंटामागे किलो-दीड किलो पाला. एका झाडावर वर्षातून तीन-चार कापण्या घेता येतात. जानेवारीनंतर गिरीपुष्प पानं टाकायला लागतं आणि फुलतं. सतत कापलेली झाडं जास्त दिवस हिरवी राहतात, पण फेब्रुवारी ते एप्रिल पाला कमी पडतोच. तेव्हा युरियाचा पेंढा, कुळथाचा भुसा आणि थोडी वाढीव गोळी यांवर काढतो.

डिसेंबर २०२४ मध्ये नऊ लिटरच्या गायीला रोज असं जात होतं: नेपियर दहा किलो, पेंढा चार किलो, गिरीपुष्प आणि शेवरी मिळून सहा किलो, खोबऱ्याची पेंड पाऊण किलो, गोळी पेंड पावणेदोन किलो आणि खनिज मिश्रण पन्नास ग्रॅम. सरकी बंद. प्रथिनांची बेरीज अकराशेच्या जवळ येते. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाच्या पशुपोषण ॲपमध्येही टाकून पाहिलं, कॅल्शियम-फॉस्फरसचं तिथे कळतं. जुन्याच भावाने धरलं तर विकतच्या खाद्याचा खर्च १३१ वरून ७६-७७ रुपयांवर आलाय. उन्हाळ्यातल्या तीन महिन्यांत तो शंभरच्या पुढे जातो. फॅट चारच्या आसपास टिकलं, एसएनएफही (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ).

यात आमची मेहनत धरलेली नाही. पाला तोडणं, वाहणं, कुट्टी करणं यात रोज दीड तास जातो, दोघांचा मिळून. गडी लावून हे परवडेल असं मला वाटत नाही. घरात दोन माणसं हाताशी असतील तरच या वाटेला या. आणि बारा-चौदा लिटरची गाय असेल तर तिची गोळी इतकी उतरवू नका. आमची थोरली व्यायली तेव्हा पहिले तीन महिने तिला पुन्हा तीन किलो गोळी दिली, पाला वरून. एवढं दूध पाल्यावर निघत नाही, गाय अंगावरचं मांस झिजवून देते आणि मग माजावर येत नाही.

पाल्याचा नमुना पुन्हा तपासणीला देणार आहे, यावेळी कापणीनंतर पंचेचाळीस दिवसांचा आणि नव्वद दिवसांचा असे दोन वेगळे, म्हणजे कधी कापावं ते ठरवता येईल. शेवरीचं बी धरलंय. ज्यांना येत्या जूनमध्ये गिरीपुष्प लावायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच: खुंट फार आधी तोडून ठेवू नका, पाऊस लागला की तोडा, सावलीत उभे ठेवा, आठवड्याच्या आत लावा आणि वरच्या टोकाला शेण लिंपा. पहिलं वर्षभर मोकाट गुरांपासून राखावे लागतात, त्यानंतर ते स्वतःला सांभाळतात.